ऐकायला शिकवण्याचे साठ तास

आठवड्याचे बहुतेक दिवस शाळेत मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करायचं आणि उरलेल्या दिवशी विद्यापीठात एम.ए. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तेच काम शिकवायचं, असं करणारी माणसं आता महाराष्ट्रात बरीच आहेत. मी त्यांच्यापैकी एक. विभागात पूर्णवेळ प्राध्यापक असताना बाहेरून कुणाला का बोलवावं, असं लोक विचारतात. त्याहून जास्त जण विचारतात की समुपदेशन ही शिकवण्याची गोष्ट आहे का. माणूस मुळात समजूतदार असला की झालं! या शंकांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही. एका सत्रात वर्गात नेमकं काय चालतं, हे सावकाश पाहिलं तर त्या आपोआप सुटतात.

आधी नेमणुकीचं बघू, म्हणजे पुढचं समजेल. जून-जुलैच्या सुमारास विभाग जाहिरात काढतो, मुलाखत होते आणि एका सत्रापुरतं किंवा वर्षापुरतं पत्र मिळतं. याला तासिका तत्त्व म्हणतात. कॉलेजात सगळे ‘सीएचबी’ म्हणतात. जितके तास घेतले तितक्याचं मानधन. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी एका तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये अशी शिफारस केली. प्रत्यक्षात हातात किती पडतं ते संस्थेप्रमाणे बदलतं. २०२२ मध्ये आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हा आणखी एक मार्ग काढला. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम केलेल्या माणसाला पदवीची अट आड न येता त्यातून शिकवता येतं. पण शाळांतले समुपदेशक सहसा तासिकेवरच येतात.

विषय चार श्रेयांकांचा असतो. लेखी विषयात एका श्रेयांकाला १५ तास, म्हणजे साठ तास झाले: पंधरा आठवडे, आठवड्याला चार. पहिल्या सत्रात गणपती येतात, मग नवरात्र, मग दिवाळी, आणि शनिवारचे तास हातातून निसटत जातात. म्हणून पहिल्याच आठवड्यात ठरवावं लागतं की या साठ तासांत बोलायचं किती आणि करून घ्यायचं किती. माझं उत्तर ठाम आहे. एक तृतीयांशापेक्षा जास्त वेळ शिकवणाऱ्याने बोलू नये.

सिद्धान्त विद्यार्थी वाचू शकतात. कार्ल रॉजर्सने १९५७ च्या लेखात बदल घडण्यासाठी लागणाऱ्या सहा अटी मांडल्या. त्यांतल्या तीन समुपदेशकाकडून अपेक्षित आहेत: त्याने खरं असावं, समोरच्याचा विनाअट स्वीकार करावा आणि त्याच्या जागी जाऊन समजून घ्यावं. पेपरात हे सगळेच बरोबर लिहितात. पण समोर आठवीतला मुलगा मान खाली घालून बसला की या तीन गोष्टी तोंडातून कशा निघायच्या, ते पुस्तकातून कळत नाही. इथे ॲलन आयव्हीची पद्धत उपयोगी पडते. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात मुलाखतीची लहान लहान कौशल्यं वेगळी काढली: लक्ष देणं, खुला प्रश्न विचारणं, सांगितलेलं थोडक्यात परत मांडणं, भावना ओळखून बोलणं. एका वेळी एकच घ्यायचं, ते पुरतं जमलं की पुढचं.

वर्ग तिघातिघांच्या गटांत विभागते. एक समुपदेशक, एक मूल, एक निरीक्षक, आणि मग भूमिकांची अदलाबदल. पहिला सराव फक्त ऐकण्याचा असतो. मधे बोलायचं नाही, मान हलवली तरी चालते. दोन मिनिटं नुसतं ऐकणं मोठ्या माणसांना किती जड जातं हे तिथे दिसतं. आपण घरीदारी, नात्यागोत्यात, सल्ला देतच वाढलेलो असतो. ‘अरे, त्यात काय एवढं’ हे वाक्य ओठांवर तयारच असतं. ते तिथेच थांबवायचं आणि त्या जागी काही न बोलता टिकून राहायचं, या एकाच गोष्टीत सुरुवातीचे तीन आठवडे जातात, आणि ते जायलाच हवेत.

त्यानंतरचा एक सराव जवळून पाहू. मुलाच्या भूमिकेतली विद्यार्थिनी म्हणते, “मला गणिताच्या तासाला बसायचं नाही.”

समुपदेशक झालेला विद्यार्थी विचारतो, “का? गणित आवडत नाही का? सर ओरडतात का?”

“माहीत नाही.”

इथे मी थांबवते. तीन प्रश्न एका दमात गेले, आणि त्यांतल्या दोन प्रश्नांत उत्तरही आपणच घालून दिलं. ‘का’ हा प्रश्न तर शाळेत मुलाला फक्त चूक झाली की ऐकू येतो. वर्गशिक्षिका विचारतात, “उशीर का झाला?” त्यामुळे आपण कितीही मऊ आवाजात विचारलं तरी मुलाला तो जाब वाटतो आणि ‘माहीत नाही’ म्हटलं की त्याची सुटका होते. आता तेच पुन्हा करायचं, प्रश्न न विचारता.

“गणिताचा तास आला की नकोसं होतं.”

मग गप्प राहायचं. पाच सेकंद जातात. समुपदेशक झालेला विद्यार्थी माझ्याकडे बघतो, मी काही बोलत नाही.

“सर फळ्यापाशी बोलावतात. सगळे हसतात.”

“सगळ्यांसमोर उभं राहायची धास्ती वाटते.”

“हो. आणि घरी आई म्हणते, अभ्यास करत नाहीस म्हणून येत नाही.”

बघा, दुसऱ्या खेपेला त्याने एकही प्रश्न विचारला नाही, तरी वर्ग, सर, हसणारी मुलं आणि आई हे सगळे बोलण्यात आले. मुलाचं वाक्य भावनेसह त्याला परत ऐकवलं की त्याला दुरुस्ती करायची तरी संधी मिळते, नाहीतर पुढे जायची. धास्ती नसेल, राग असेल, तर तो सांगतो, “धास्ती नाही, राग येतो.” आपला अंदाज चुकला तरी बोलणं पुढे सरकतं. हे एकदा स्वतः अनुभवलं की रॉजर्सच्या तीन अटी पाठ कराव्या लागत नाहीत.

मुलांचे शब्द धरून ठेवायचे, हाही सराव असतो. पाठ्यपुस्तकं इंग्रजी असतात आणि समोरचं मूल म्हणत असतं, “पोटात कसंतरी होतं.” आमचे विद्यार्थी चटकन त्याचं ‘अँक्झायटी’ करून टाकतात. नोंदवहीत ते ठीक आहे. बोलताना मात्र पोटातच राहायचं: कधी होतं, शाळेच्या रस्त्यावर होतं की वर्गात, रविवारी होतं का? रविवारी होत नसेल तर बरंच काही कळलं. म्हणून सगळे रोलप्ले मराठीतच करून घेते. ज्याचं मूल हिंदी बोलणारं असेल त्याने हिंदीत करावेत. मुंबईचे कि. मो. फडके यांचा अल्बर्ट एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार होता आणि त्यांनी एलिसची विवेकनिष्ठ पद्धत इकडे रुजवली. हे काम आपल्या भाषेत होऊ शकतं याचा विश्वास विद्यार्थ्यांना अशा उदाहरणांतून येतो.

सहाव्या-सातव्या आठवड्यापासून लेखी काम सुरू होतं: शब्दशः नोंद. गटातल्या जोडीदाराच्या परवानगीने दहा मिनिटांचं संभाषण रेकॉर्ड करायचं आणि जसंच्या तसं कागदावर उतरवायचं. चार रकाने असतात. मूल काय बोललं, मी काय बोललो, तेव्हा माझ्या मनात काय होतं, आणि आता वाचताना काय म्हणावंसं वाटतं. तिसरा रकाना सगळ्यांत मोलाचा. तिथे विद्यार्थी लिहितो, “शांतता असह्य झाली म्हणून विषय बदलला.” मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत नॉर्मन केगनने १९६० च्या दशकात हीच गोष्ट रेकॉर्डिंग थांबवून थांबवून करून घेतली होती. चित्रफीत लावायची, प्रशिक्षणार्थीने स्वतः थांबवायची आणि त्या क्षणी मनात काय चाललं होतं ते सांगायचं. बाहेरून कुणी चूक दाखवण्यापेक्षा हे खोलवर पोचतं. एक नोंद नीट वाचून शेरे लिहायला मला ती उतरवून काढण्याइतकाच वेळ लागतो. हा वेळ कुठल्याच तासिकेत मोजला जात नाही. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण सगळं तिथेच अडतं.

शालेय मानसशास्त्राचा दुसरा भाग चाचण्यांचा. या शाखेची सुरुवात सहसा १८९६ पासून धरतात. लाइटनर विटमरने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात क्लिनिक उघडलं आणि त्याच्याकडे आलेला पहिला मुलगा शुद्धलेखनात अडकलेला होता. महाराष्ट्राचं या कामाशी नातं जुनं आहे. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली, आणि आर्थर मालिन यांनी नागपुरात राहून वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापिकेला तर आजही ‘नागपूर रूपांतर’ म्हणून ओळखतात. विद्यार्थ्यांना हे सांगितलं की चाचणीच्या पेटीतल्या ठोकळ्यांकडे ते जरा वेगळ्या नजरेने बघतात.

चाचणी घेणं सोपं वाटतं, म्हणून मी अंकस्मरणाच्या उपचाचणीवर एक संपूर्ण प्रात्यक्षिक घालवते. सात, दोन, नऊ, चार. एका सेकंदाला एक अंक, सगळे सारख्या सुरात. करून बघितलं की कळतं, आपण टेलिफोन नंबर सांगावा तसे अंक दोन-दोनांच्या जोड्यांत म्हणतो. जोड्या पाडल्या की लक्षात ठेवणं सोपं होतं आणि मुलाला नसलेले गुण मिळतात. घाईत म्हटलं तर उलटं होतं. म्हणून घड्याळाचा सेकंदकाटा समोर ठेवून विद्यार्थी एकमेकांना अंक म्हणून दाखवतात, कंटाळा येईपर्यंत. मूल चुकलं की चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, आणि बरोबर आलं की “शाब्बास” म्हणायचं नाही. प्रयत्नाचं कौतुक करता येतं. हे सगळं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअल वाचणारा आणि मॅन्युअल हातात मुरलेला यांत बराच फरक असतो.

सरावासाठी मूल घेतलं तर पालकांची लेखी परवानगी घ्यायची, आणि आलेला आकडा कुणालाही सांगायचा नाही. शिकाऊ हाताने काढलेला बुद्ध्यंक एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहतो. आकड्याच्या आजूबाजूला मापनातल्या चुकीची मर्यादा असते, ९४ आणि ९७ मध्ये फरक करण्यात अर्थ नसतो, आणि आदल्या रात्री तापाने फणफणलेल्या मुलाचा आकडा त्याचा नसतो. अहवालातला एक परिच्छेद आईला समजेल अशा भाषेत लिहायचा, हा माझा आवडता गृहपाठ आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. जादा वेळ, लेखनिक, भाषा किंवा गणितात पर्याय अशा त्या आहेत. दाखला मिळतो तो शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा पुण्याचं ससून अशा ठिकाणच्या तपासणीतून, जिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून बघतात. शाळेतला समुपदेशक दाखला देत नाही. त्याचं काम तिसरी-चौथीतच ओळखण्याचं: तोंडी उत्तर पक्कं देणारं मूल लिहिताना का गळतं, फळ्यावरून उतरवताना ओळ का सुटते. दहावीच्या डिसेंबरात धावपळ करणारे आईवडील पाहिले की या ओळखण्याचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, त्यामुळे ही आता शाळेच्या मर्जीची गोष्ट राहिलेली नाही.

चाचण्यांइतकाच वेळ शाळा समजून घ्यायला लागतो. दवाखान्यात माणूस स्वतःहून येतो, शाळेत मुलाला पाठवलेलं असतं. वर्गशिक्षिका दारातूनच म्हणतात, “मॅडम, याला जरा समजवा.” म्हणजे पहिली भेट खरं तर त्या शिक्षिकेचीच असते. तिच्या वर्गात साठ मुलं आहेत, सोबत निवडणुकीचं काम आहे. तिची अडचण ऐकली नाही तर मुलासाठी केलेलं काहीही वर्गात टिकत नाही. म्हणून अर्धा वर्ग मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका, आई, काका अशा भूमिका घेतो, आणि एकजण सगळ्यांसमोर बसून ठरवतो की कुणाला किती सांगायचं. मुलाने बोललेलं सगळं शिक्षिकेला सांगायचं नाही आणि तिला दूरही ठेवायचं नाही, तेव्हा काय बोलायचं? ‘त्याला दुसऱ्या बाकावर बसवलं तर बरं होईल’ एवढं पुरतं. कारण मागितलं तर “त्याची परवानगी घेऊन सांगते” म्हणता येतं.

गुप्ततेला मर्यादा आहे आणि ती पहिल्या भेटीतच सांगायची असते. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ प्रमाणे गुन्हा आहे. मूल म्हणतं, “कुणाला सांगणार नाही ना?” अशा वेळी वचन दिलेलं असलं तर मूल दुसऱ्यांदा फसवलं जातं. म्हणून विद्यार्थ्यांकडून एक वाक्य घोटून घेते, दहा वर्षांच्या मुलाला कळेल असं: “तू सांगशील ते मी इथेच ठेवीन. पण तुला कुणापासून त्रास किंवा धोका आहे असं कळलं, तर तुला सांभाळण्यासाठी मला मोठ्या माणसांना सांगावं लागेल, आणि ते आधी मी तुला सांगेन.” हे वाक्य अडखळत म्हटलं तर मूल ओळखतं. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर वर्गातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असतो.

आता बाहेरून आलेल्या माणसाचा उपयोग. माझ्याजवळची उदाहरणं या आठवड्यातली असतात, म्हणूनच ती वर्गात आणता येत नाहीत. लहान शहरात विद्यार्थिनीची मामेबहीण त्याच शाळेत असू शकते. संपलेली, जुनी, वय-गाव-घर बदललेली केसच मी सांगते. चालू असलेली कधीच नाही. मग ताजं असं काय आणते? ताजे असतात प्रश्न. मुलं आता फोनवर काय बघतात, पालक काय विचारतात, मुख्याध्यापक कुठे हात टेकतात. पूर्णवेळ प्राध्यापक सिद्धान्त, संशोधन, आकडेशास्त्र माझ्याहून नीट शिकवतात. त्यांच्याबरोबर बसून विषयाची वाटणी केली की दोघांचंही काम नीट होतं.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला चार श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. विद्यार्थी शाळांत जायला लागले ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्यामागे कुणी उभं हवं. सहा-आठ जणांचा गट दर आठवड्याला बसतो, एकेकाची केस ऐकतो. आम्ही त्याला सुपरव्हिजन म्हणतो. मुलाचं काय चाललंय, एवढंच तिथे बोलत नाहीत. या मुलाबरोबर बसताना तुझं काय होतं, हेही विचारतात. एखादीला ज्याचे वडील दारू पितात अशा मुलाबरोबर बसवत नाही, कारण तिच्याही घरात तेच होऊन गेलेलं असतं. या विषयाकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना स्वतःच्या दुखण्याने इथे आणलेलं असतं आणि त्यात गैर काही नाही. मात्र शिकवणाऱ्याने तिचं समुपदेशन स्वतः करायचं नसतं. मी तिचे गुण देणारी आहे, त्यामुळे ती मोकळी होऊ शकत नाही. दुसऱ्या व्यक्तीचं नाव द्यायचं. रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’चा १४४१६ आहे.

गुण देताना मी स्वभावाला गुण देत नाही, दिसणाऱ्या कृतीला देते. शांतता सांभाळली का, मुलाचं बोलणं अर्थ न बदलता परत मांडलं का, गुप्ततेची मर्यादा सांगितली का, वर पाठवायची केस ओळखली का. पेपरात पहिला येणारा विद्यार्थी कधी कधी मुलासमोर बसूच शकत नाही. हे त्याला सातव्या आठवड्यात, एकट्याला, स्पष्ट सांगायचं असतं. तेव्हा सुधारायला वेळ असतो. व्हायवाला सांगून उपयोग नाही.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा असं सांगितलं. मागणी वाढणार, अभ्यासक्रम वाढणार, आणि माझ्यासारख्या तासिकेवरच्या माणसांना बोलावणंही वाढणार. अशा वेळी पत्रावर सही करण्याआधी विभागप्रमुखांशी काही गोष्टी बोलून घ्याव्यात. दार बंद होणारी एक खोली आणि हलवता येतील अशा खुर्च्या. जमिनीला पक्क्या केलेल्या बाकांवर तिघांचा गट समोरासमोर बसू शकत नाही. प्रात्यक्षिकाची तुकडी किती मोठी असेल ते. मी बुधवारी शाळेत असताना एखाद्या विद्यार्थ्यासमोर मूल रडत अत्याचाराबद्दल बोलू लागलं, तर त्याने विभागात कुणाला फोन करायचा, त्या व्यक्तीचं नाव. आणि सुपरव्हिजनचे तास वेळापत्रकात. “अशी तासिका दाखवता येत नाही,” असं सांगितलं जातं, तेव्हा प्रात्यक्षिकाचा नियम पुढे ठेवावा: लेखी श्रेयांकाला १५ तास असतात तर प्रात्यक्षिकाच्या श्रेयांकाला ३०. नोंदी वाचणं, गटात बसणं, केस ऐकणं हे सगळं त्या तिसांत बसतं. वेळापत्रक छापण्याआधी मागितलं तर बहुधा मिळतं.